हॉटेलातला शनिवारचा वर्ग

शनिवार, ५ जानेवारी १९७४

पुढच्या शनिवारी आमचा वर्ग हॉटेलात भरणार! कॉलेजात आम्हाला वाणिज्य शिकवणाऱ्या वाकचौरे सरांनी फळा पुसता पुसता सांगितलं. "पुस्तकातला धंदा परीक्षेपुरता. खरा धंदा एसटी स्टँडसमोर चालतो. आता दर शनिवारी एक हॉटेल. खायचं, बघायचं, मग बोलायचं." मुलांनी बाकं वाजवली. कानिफनाथ हा आमच्या वर्गातला सगळ्यात खादाड. तो म्हणाला, "सर, परीक्षेलाही खायचंच असेल तर मी पहिला येतो."

वर्गात मुलगी मी एकटी. मला वाटलं, सर आता थांबवून म्हणतील — शालन, तू नाही आलीस तरी चालेल. तसं काही म्हणाले नाहीत. त्यामुळे फार बरं वाटलं. पण आत्याला कसं सांगू?

रविवार, ६ जानेवारी

सांगितलं. आत्या गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बायामान्सं हाटेलात जात न्हाईत."

अभ्यासच आहे तो, म्हटलं. तर "आब्याला इचार." आब्या म्हणजे माझे वडील, तिचा धाकटा भाऊ. ते तिकडे गावी कांद्यात अडकलेले. त्यांनी मला संगमनेरला आत्याकडे ठेवलंय तेच मुळी ‘स्थळ जमेपर्यंत शिकू दे’ म्हणून. त्यांना विचारायचं म्हणजे स्वतःहून एसटीत बसून परत जायचं.

संध्याकाळी वाढताना आत्याच म्हणाली, "मास्तर संगं हाय ना? मग जा. तिथलं पानी तेवढं पिऊ नगं."

शनिवार, १२ जानेवारी

हसून हसून पोट दुखतंय.

बन्सीशेठचं हॉटेल, स्टँडच्या बरोबर समोर. आम्ही आत शिरलो आणि वेटरने मला बघताच जे वळवलं ते थेट फॅमिली रूममध्ये. फळ्या ठोकलेलं खोकं आणि त्याला हिरवा पडदा. मुलं आणि सर बाहेर टेबलावर, मी आत एकटी. मी आणि एक माशी. शेवटी सर पडदा बाजूला करून म्हणाले, "वर्ग फुटला. चला रे, सगळे आत." सगळे खरंच आत कोंबून बसले. कानिफ निम्मा आत, निम्मा बाहेर, डोक्यावर पडदा. बन्सीशेठ गल्ला सोडून बघायला आले. "सर, ही कसली म्हनायची फ्यामिली?"

मिसळ झाली, मग सरांनी एकेकाला विचारलं. मुलांनी बरंच टिपलं होतं. गाडीचा हॉर्न ऐकू आला की बन्सीशेठ कढईत भजी सोडायला सांगतात. कढई दारातच. वास सरळ स्टँडात जातो, माणसं उतरतात ती वासाच्या मागे येतात. आणि पहिलं गिऱ्हाईक नेहमी रस्त्याकडच्या टेबलावर बसवतात, म्हणजे हॉटेल रिकामं दिसत नाही.

"शालन, तू?"

फॅमिली रूमला एक खिडकी आहे. तिच्यातून स्टँडचा लिंब दिसतो. लिंबाखाली बायका बसल्या होत्या, पोरं मांडीवर, फडक्यातली भाकरी सोडून. त्यांचे नवरे आमच्या शेजारी मिसळ खात होते. एकाने जाताना कागदात चार भजी बांधून नेली बायकोला.

मी म्हटलं, "मी आत न आलेलं गिऱ्हाईक बघितलं, सर."

मुलं हसली. सर हसले नाहीत. कप खाली ठेवला आणि म्हणाले, "पुन्हा सांग. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

शनिवार, १९ जानेवारी

नाशिक रस्त्यावरचं नवं हॉटेल. गुळगुळीत टेबलं, आरसे, टेबलावर कागदी फुलं. आणि चिटपाखरू नाही. मालक बिचारा फार प्रेमाने बोलला. समोरून ट्रक जातात आणि पुढच्या ढाब्यावर थांबतात — तिथे बाज आहे, तोंड धुवायला पाण्याची टाकी आहे. मालक म्हणतो, "ड्रायव्हर लोक आले तर चांगले लोक यायचे नाहीत."

बाहेर पडल्यावर सर म्हणाले, "यांनी आपल्याला आवडणाऱ्या गिऱ्हाइकासाठी हॉटेल काढलं. रस्त्यावर कोण आहे ते बघितलंच नाही." मला वाईट वाटलं. चहा खरंच छान होता.

शनिवार, २६ जानेवारी

झेंडावंदन. वर्ग नाही. कानिफला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

शनिवार, २ फेब्रुवारी

कोपरगावला गेलो, साखर कारखान्याच्या वाटेवरच्या खानावळीत. मालकीण गोजरबाई. अंगाने भक्कम, आवाज त्याहून. रोज पिठलं, भाकरी, ठेचा, कांदा. दुसरं काही नाही. कानिफने भीत भीत विचारलं, "मावशी, भात?" "भात पायजे त्यानं म्हायेरी जावं," म्हणाली. कामगार खो खो हसले आणि आणखी भाकरी मागून घेतली. सर म्हणाले, नाही म्हणता येणं हेसुद्धा भांडवल आहे.

मला तिने आत चुलीपाशी बोलावलं. म्हणाली, धूर खा जरा, कॉलेजात मिळत नसंल. मी विचारलं, बायका येतात का जेवायला?

"येत्यात ना. डबा भरून न्यायला. बसून एक न्हाई खात."

"का?"

"बाई चारचौघांत बसून खाती म्हनल्यावर लोक इचारत्यात, घरी चूल हाय का न्हाई." भाकरी उलटली. "आन् बसायचं म्हनलं तर बसायचं कुठं? आपल्या हाटेलात सगळीकडं बाप्येच."

येताना एसटीत खिडकीपाशी बसून तेच घोळत राहिलं.

सोमवार, ४ फेब्रुवारी

वर्गात बोलले. धीर करून, उभी राहून. बन्सीशेठच्या हॉटेलाला बोळाकडून एक ओसरी आहे, तिचं दार वेगळं. सध्या तिथे सरपण आणि पोती. बाजाराच्या दिवशी, शनिवारी, ती बायकांसाठी उघडायची. पडदा नको, खोकं नको. मोकळी जागा, पण फक्त बायकांची.

मागून कोणीतरी म्हणालं, "मग पाळणापण बांधा." मी म्हटलं, "बांधू की." सर म्हणाले, "आता बोलणं बास. पुढच्याच्या पुढच्या शनिवारी करून बघू."

शनिवार, ९ फेब्रुवारी

बन्सीशेठ तयार! आधी नाही नाही म्हणत होते. बायका येतील, पोरं आणतील, एका कपात तिघी पितील. सर म्हणाले, एक दिवस द्या, जमलं नाही तर सरपण आमची मुलंच परत रचून देतील. आज पोती हलवली, जमीन सारवली. कानिफच्या सदऱ्यात पाल शिरली. तो बोळाच्या टोकापर्यंत पळाला.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

गावचा एकजण बाजाराला आला होता म्हणे, त्याने मला बघून आबांना सांगितलं — तुमची पोरगी हॉटेलात बसते, पडद्याआड, पोरांच्या घोळक्यात. आबा येणार आहेत. आत्याला निरोप आलाय. तिने मला एवढंच सांगितलं आणि भांडी घासायला घेतली. काय विचार करते ते कळत नाही तिचं कधी.

बरोबरच आहे म्हणा. बसले तर होतेच पडद्याआड. पण त्यात सरही होते आणि कानिफ निम्मा बाहेर होता हे कोण सांगणार?

शनिवार, १६ फेब्रुवारी

सगळं लिहायचंय. एकही गोष्ट सुटायला नको.

सकाळी कानिफने पाटीवर खडूने लिहिलं — फक्त महिलांसाठी. चहा, भजी, बसायला जागा. मुलांना आत यायची बंदी. मुलं खिडकीतून बशा देणार, वाढणार मी एकटी. जुन्या साडीचा पाळणा खरोखरच बांधला.

आणि कोणी आलं नाही. एक बाई दाराशी आली, आत मी एकटी दोन वेण्यांची उभी, बघितलं आणि गेली. कानिफ बोळात उभा राहून "या मावशी, या काकू" ओरडत होता, त्याने तर बायका पदर ओढून पलीकडच्या बाजूने जायला लागल्या. भजी गार झाली. ती मुलांनी खाल्ली. परत तळली, तीही मुलांनी खाल्ली. बन्सीशेठ दोनदा येऊन रिकामी बाकं बघून गेले. सर म्हणाले, "रिकामं हॉटेलही शिकवतं." मला शिकायचं नव्हतं. मला रडायला येत होतं.

उन्हं चढली तशी बोळातून आत्या येताना दिसली. डोक्यावर छत्री, चाल नेहमीची, ताठ. मी म्हटलं, झालं. न्यायला आली.

आत आली. बाकावरून बोट फिरवून धूळ बघितली. पाळणा हलवून बघितला. मग दाराशेजारच्या बाकावर, जिथून रस्त्यावरून दिसतं तिथे, छत्री मिटून बसली.

"च्या आन. दूध जास्त घाल."

मी चहा आणला, दूध जास्त घालून. आत्याने चहा बशीत ओतला, फुंकर घातली, प्याली. मग बाहेर लिंबाकडे बघून हाक मारली, "अगं ए, तान्ह्याला घिऊन उन्हात काय बसलीस? ये हिकडं. हितं बाप्या न्हाई कुनी."

ती बाई उठली. तिच्या मागे तिची जाऊ. जावेमागे एक म्हातारी. मग मला मोजायला फुरसत झाली नाही. खिडकीतून बशा येतात, मी वाढते, परत खिडकीशी पळते. पाळण्यात पोर झोपलं. म्हातारीने चपला काढून पाय लांब केले आणि डोळे मिटले. एक माझ्याच वयाची होती, गळ्यात नवं मंगळसूत्र. भजी तोंडात घालून हसायलाच लागली. म्हणाली, "येवढी गरम पयल्यांदाच खाल्ली. आमचं मालक आनून देत्यात तवर गार झाल्याली असत्यात."

आणि नेमके तेव्हाच आबा आले.

बन्सीशेठच्या वेटरने त्यांना दारातच अडवलं. "बाबा, हितं बाया बसल्यात." आबा रस्त्यात उभे राहून ओरडले, "शाले!" मी बाहेर गेले, हातात रिकाम्या बशा. आबांचा चेहरा लाल. "गावात लोक काय बोलत्यात, कानावर आलंय का तुज्या? तुला शिकाया ठिवली का..."

आतून आवाज आला, "आब्या, रस्त्यात वरडू नगं. च्या घे."

आबांनी आत बघितलं. आत्या बाकावर बसलेली, हातात बशी, आजूबाजूला पाच-सहा बायका आणि सगळ्या तिच्याशी बोलतायत. मी चहा आणून दिला. त्यांनी तो लिंबाखाली उभं राहून घेतला.

मग म्हणाले, "आक्का आमच्या घरी सगळ्यांच्या मागनं जेवायची. भाऊजी गेल्यावर तर कुनी जेवली का म्हनून इचारलं न्हाई. मीबी न्हाई." कप मला परत दिला. "परीक्षा कवा हाय तुजी?"

"एप्रिलात."

"मग ती दे. सोयरिकीचं मागनं बघू."

दुपारच्या गाडीने गेले. जाताना भजी बांधून नेली, आईला. मी म्हटलं, गार होतील. म्हणाले, "मग पुढल्या बाजारला तिलाच आनतो."

सोमवार, १८ फेब्रुवारी

बन्सीशेठ घरी आले होते! ओसरी चालू ठेवायची म्हणतात. पण आज बायका दाराशी आल्या, आत डोकावल्या, वेटर बघून परत फिरल्या. दोघींनी विचारलं, त्या परवाच्या बाई कुठं गेल्या? "तवा बाईमानूसच पायजे," बन्सीशेठ म्हणाले. "इस्वासाचं."

मी आतल्या खोलीत, दाराला कान. माझ्याचसाठी आलेत! आत्याने चहा दिला आणि म्हणाली, "इचार करून सांगते."

गेल्यावर मी लगेच म्हटलं, आत्या, परीक्षा झाली की मी बसेन, सुट्टीभर बसेन. तर म्हणते, "आधी पास हो."

शनिवार, २३ फेब्रुवारी

आत्याशी आठवडाभर धड बोलले नाही. तीही विषय काढत नाही. आईला आबा आजच्या बाजाराला घेऊन येणार होते, पाहुण्यांमुळे राहिलं.

आज वर्गात सरांना सगळं सांगितलं. सर म्हणाले, "तू मालकीण व्हायच्या तयारीत आहेस. बन्सीशेठना उद्याचा दिवस भागवायचाय. धंद्यात त्या दोन वेगळ्या गरजा असतात." कानिफ म्हणाला, "मी लुगडं नेसून बसतो, फक्त खायला द्या." वर्ग हसला. मी नाही हसले. थोडी हसले.

शुक्रवार, १ मार्च

कॉलेजातून आले तर घराला कुलूप. असं कधी झालं नव्हतं. शेजारच्या कलाबाई म्हणाल्या, स्टँडाकडे गेली. मी धावत. बोळ ओलांडला तर ओसरी भरलेली, पाळणा हलतोय, आणि दाराशी नवं टेबल, त्यावर गल्ल्याची पेटी. पेटीमागे आत्या. नाकावर चष्मा.

माझ्याकडे बघून म्हणाली, "उभी का ऱ्हायलीस दारात? बस न्हाईतर सरक. गिऱ्हाईक यायचं थांबतंय."