अमोलिक साहेबांचा लांबणारा उपदेश

डिचोली, ता. ११ फेब्रुवारी १९७४

ती. सत्यवतीअक्कास, सगुणचा सा. सलाम वि. वि.

प्रभुकृपेने सगळे ठीक. गॅरेजात खाणीचे दोन ट्रक उघडून पडलेत, म्हणजे महिन्याची सोय झाली. बेळगावहून तू पाठवलेला कुंदा पोचला. पोरांनी फडशा पाडला, माझ्या वाट्याला डबा घासणे आले.

आता कामाचे. सोबत अर्ज आहे. खाली आमच्या चर्चच्या मंडळीतल्या अकरा कुटुंबांच्या सह्या, पहिली माझी. तेवढा तिथल्या अधीक्षकसाहेबांच्या हाती दे, सगळे पाळक त्यांच्याच हाताखाली. मार्चमध्ये कॉन्फरन्सला पाळकांच्या नेमणुका वाचतील, त्यात आमच्या अमोलिक साहेबांना दुसरीकडे कुठेतरी पाठवावे, इतकीच विनंती. माणूस लोण्यासारखा, आजाऱ्याच्या उशाशी सगळ्यांच्या आधी हजर. पण उपदेश! उपासना साडेनऊला सुरू होते, साडेदहाला आशीर्वाद होऊन आम्ही घरी जायला हवे. तर सव्वाअकरा झाले तरी मोशे अजून तांबड्या समुद्राच्या काठावरच. एकदा कसाबसा पलीकडे नेतात, की मुद्दा परत सांगायला पुन्हा अलीकडे आणतात. शांताराम सुतार मागच्या बाकावर उघड घोरतो. घरी कमलाक्षीचे माशांचे हुमण निवून जाते आणि तिचे डोके तापते.

मुलांना पापा. तुझ्या मायेची सावली आम्हां सर्वांवर असू दे.

तुझा धाकटा,
सगुण


बेळगाव, ता. १८ फेब्रुवारी १९७४

चि. सगुणास, अक्काचे अनेक आशीर्वाद.

अर्ज दिला. अधीक्षकसाहेबांनी दोनदा वाचला, चष्मा पुसला आणि फाइलीत ठेवला. एवढ्या सह्या असल्यावर विचार करावाच लागेल, म्हणाले. अमोलिकांच्या बाईंना मी ओळखते. तीन वर्षांत तिसऱ्या गावी बिऱ्हाड हलवायचे म्हणजे काय, हे त्या माउलीला विचार. शिवाय मंडळीला नको झालेला पाळक, असा शिक्का कागदावर बसला की पुसत नाही.

मला तुझीच गंमत वाटते. बॉनेटला कान लावून सैल नट शोधायला तू तासभर उभा राहतोस, आणि देवाच्या वचनाला पाऊण तास जास्त झाला तर तुझा जीव जातो? ते इंजिन बंद का होत नाही, एवढे तरी ऐकून बघायचे होतेस. सही मग ठोकायची.

गुडघ्याला तेल लाव म्हणावे कमलाक्षीला. रागावले तरी ओवाळून टाकत नाही तुला.

तुझी,
अक्का


डिचोली, ता. ४ मार्च १९७४

ती. अक्कास, सा. सलाम वि. वि.

तुझा टोमणा बरोबर जागी लागला. गेले दोन रविवार मी शब्द सोडून दिले आणि नुसता कान देऊन बसलो.

आमोण्याहून येणारी कारेर, म्हणजे आपली बस, माझ्याच हाताखालून गेलेली आहे. तिचा खोकला मला वळणापलीकडून ओळखू येतो. आधीच्या रविवारी ती वाटेत बंद पडली. धाकू ड्रायव्हरने मागाहून मला बोलावले म्हणून ठाऊक. त्या दिवशी उपदेश बाराला पाच कमी असेपर्यंत चालला. काल ती लवकर आली, पावणेअकरालाच. वळणावर खोकली, आणि अमोलिक साहेब लगेच म्हणाले की आता शेवटचे एक सांगून थांबतो. मी मान वळवली. कारेरीतून उतरून लक्ष्मी आत आली आणि कडेच्या बाकावर टेकली.

लक्ष्मी म्हणजे खानापूरकडची विधवा, आमोण्याच्या धक्क्यावर बार्जमध्ये, म्हणजे मालाच्या मोठ्या होडीत, खाणीची माती भरते. उपासना संपल्यावर तिला गाठले.  म्हणाली की कामाची पाळी दहाला सुटते, दुसरी गाडी नाही. निदान प्रार्थना आणि आशीर्वाद तरी मिळावा म्हणून धावत येते. साहेबांना ठाऊक आहे, पण आपल्या एकटीपायी कोणाच्या घरचा रविवार मोडू नये म्हणून तिने त्यांना कोणाजवळ बोलू नका असे विनवले होते.

अक्का, मला दोन वर्षांपूर्वीची बैठक आठवली. साहेबांनी विचारले होते की उपासना साडेअकराला ठेवू या का. कारण सांगितले नाही. मीच उठलो. रविवारचे जेवण काय दिवेलागणीला जेवायचे का, असे विचारून सगळ्यांना हसवले. साहेबांनी विषय तिथेच सोडला. उपदेश लांबायला लागला तो त्यानंतरच. दोन वर्षे तो माणूस कान रस्त्याला लावून, तोंडाने मोशेला थोपवून धरत होता, आणि आम्ही त्याच्या नावाने बोटे मोडत होतो.

दुपारभर घरोघर फिरलो. उपासनेची वेळ साडेअकरा करायला सगळे कबूल झाले. शांताराम म्हणाला की त्याला झोपेला कुठलीही वेळ चालते. सोबत दुसरा अर्ज आहे, त्याच अकरा सह्यांचा. पाया पडतो, आजच्या आज दे.

रागाव, पण टाकू नकोस.

सगुण


बेळगाव, ता. २५ मार्च १९७४

चि. सगुणास, अनेक आशीर्वाद.

अधीक्षकसाहेबांनी तुझे दोन्ही अर्ज शेजारी शेजारी मांडले. म्हणाले, एकाच हस्ताक्षरात महिन्याभरात हाकला आणि ठेवा, असे त्यांनी सबंध नोकरीत पाहिलेले नाही. आणि दोन्ही फाइलीत बंद केले. त्यामुळे काल कॉन्फरन्सला नेमणुका वाचायला लागले तेव्हा मी बाकाच्या अगदी कडेवर बसले होते. एकेक गाव जात होते. डिचोली आले, आणि पुढे अमोलिकांचेच नाव वाचले. मी मोठ्याने आमेन म्हटले. सगळ्या बायका वळून बघायला लागल्या.

पहिला अर्ज अधीक्षकसाहेबांनी मग माझ्यासमोर फाडला. दुसरा फाइलीत आहे. मात्र एक निरोप आहे. पहिल्या अर्जाचे अमोलिकांना दुसऱ्या कोणाकडून कळता कामा नये, तूच सांगायचे.

प्रभू तुला तेवढे धैर्य देवो. आमची आठवण ठेवत जा.

अक्का


डिचोली, ता. १ एप्रिल १९७४

ती. अक्कास, सा. सलाम वि. वि.

शनिवारी साहेबांच्या घरी जाऊन पहिल्या अर्जाचे सांगितले.  बाई आत होत्या, त्यांच्या हातातली भांडी वाजायची थांबली. मग साहेबांनी माझे हात धरले आणि म्हणाले की सगुणराव, माझे उपदेश ऐकून मीच कंटाळलो होतो, तुम्ही अकरा सह्यांवरच थांबलात हे नवल. आत बाई हसल्या. मला रडू आले, ते कोणाला सांगू नकोस.

काल साडेअकराला पहिली उपासना झाली. लक्ष्मी तोंडबिंड धुऊन, धुवट लुगडे नेसून पहिल्या बाकावर बसली होती. पहिले गीत तिला पाठ नव्हते, ओठ हलवत राहिली. वाचन रूथचे होते, नवरा गेल्यावर सासूबरोबर परक्या गावी गेलेल्या सुनेचे. साहेबांनी वीस मिनिटांत आटपले.

बाहेर पडताना लक्ष्मी कमलाक्षीला म्हणाली की दोन वर्षे तिच्या वाट्याला नुसते तात्पर्य येत होते, गोष्ट आज पहिल्यांदा ऐकली. आणि मग तिने विचारले की त्या सासूचे पुढे काय झाले. दोघी पायरीवरच बसल्या. कमलाक्षीने बायबल उघडले, आणि मी उभा राहून ऐकले.

आम्हां सर्वांना प्रार्थनेत धर.

तुझा,
सगुण