तुरीतला नाकतोडा

कोहिनूर (जि. बीदर), बुधवार, २१ नोव्हेंबर १९८४

संजा, तू छत्री विसरतोस, चष्मा विसरतोस. पण हॉस्टेलातनं हाकललेला हातभर केसाळ कोळी आजीच्या गळ्यात घालून विसरणारा तूच एकला. रोजचं वहीत लिहून ठेव म्हणालास. म्हणून मी सांगायलेय आन् तुझी माय लिहायलीय.

पाच दिवस कोळ्यानं काही खाल्लं न्हाई. मला बघवंना. सकाळी तुरीतनं एक जाडजूड नाकतोडा धरला आन् काचेच्या पेटीत सोडला. झडप घालून खाल्ला त्यानं. मी खूश. दुपारपासून त्याचा मागचा एक पाय थरथरायलाय.

तुझी माय म्हणाली, "आत्याबाई, कालच तुरीवर औषध मारलंय की आपण."

व्हय, मारलंय. पंपात पाणी मीच ओतलं. मग ध्यानात कामून आलं न्हाई? आन् तुला विसरभोळा म्हणायलेय.

आता बाकीचे पाय पोटाशी ओढून पडलाय. तेवढा एक पाय थरथरतोय. आला तवा मला त्याची किळस यायची. आज पेटीजवळनं उठवंना. जगंल असं वाटत न्हाई.

सगळ्या शिवारात फवारणी झालीय. विष न लागलेला किडा कुठं धुंडू? तरीबी जगलाच, तर उपाशी नको. म्हणून वहीतलं हे पान फाडून तुला टपालानं धाडतेय. तुमच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघरातली चार-पाच जिती झुरळं भोकं पाडलेल्या डब्यात घालून बीदरच्या बसनं पाठव. धरायच्या आधी तिथं औषध मारलंय का, ते आचाऱ्याला विचारून घे.