सुतकातले मासे

ताओयुआन,
१२ मार्च

प्रिय मामा,

सादर नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मामीने पाठवलेलं खारवलेलं डुकराचं मांस पोचलं. मी मजेत आहे असं लिहिणार होते, पण दोन दिवस डोकं नुसतं तापलंय.

आमच्या कारखान्यात ओफाद नावाचा फिटर आहे. आपल्याच अमिस जमातीतला, समुद्राकाठच्या गावचा. त्याची आई गेली. आठ दिवसांची रजा मीच मंजूर केली, तेच माझं काम. सहाव्या दिवशी कुणाच्या तरी फोनवर त्याचा फोटो आला. गुडघाभर पाण्यात उभा, हातात जाळं, भोवती भावंडं हसताहेत. झालं! तो कामावर आल्या आल्या आमच्या वरिष्ठ क्वो बाईंनी त्याला समोर उभं केलं.

"आई जाऊन आठवडा नाही झाला, आणि तू सहलीला? आमच्याकडे एकोणपन्नास दिवस माशाला शिवत नाहीत!"

"सहल नव्हती, बाई. सगळ्यांनी मिळून मासे धरून खाल्ले की आमचं सुतक फिटतं. त्याशिवाय कामावर परतता येत नाही."

"वा! रजा रडायला देतात, रश्शाला नाही."

शेवटचे तीन दिवस रद्द! ओळीने तीन दिवस विनापरवानगी गैरहजर, म्हणजे नियमाने नोकरीच गेली. मामा, नुसता संताप झाला! कुणी किती दिवस तोंड पाडून बसायचं, हे आता या बाई ठरवणार? स्वतः सासऱ्यांच्या विधीला दर सातव्या दिवशी रजा घेत होत्या, तेव्हा त्यांना कुणी हटकलं?

आता जे फोनवर सांगवलं नाही ते लिहिते. त्याच वेळी बाई माझ्याकडे वळल्या होत्या. इथे सगळे मला लिन म्हणूनच ओळखतात.

"लिन, तू नऊ वर्षं रजा बघतेस. ऐकलंयस कधी असलं काही?"

मी म्हटलं, "नाही."

ओफादने माझ्याकडे पाहिलं. जेवणाच्या सुट्टीत मी फोनवर तुमच्याशी आपल्या भाषेत बोलते, ते त्याने कितीदा ऐकलंय. तरी त्याने मला उघडं पाडलं नाही. मला माझीच लाज वाटली.

गेल्या वर्षी आई गेली तेव्हा तुम्हीच मला मासे धरायला नदीत ओढलंत. "पोरी, आता हस," म्हणालात. आणि मी रजेच्या अर्जावर काय लिहिलं होतं? 'मंदिरात विधी.'

आज तोच अर्ज मी बाईंपुढे टाकला. म्हटलं, मंदिरात नाही, मीही नदीत मासे धरत होते; त्याचे दिवस कापता तर माझेही कापा.

"म्हणजे तू मला फसवलंस?"

"हो. पण नदीत जाऊन नाही, इथे बसून खोटं लिहून."

बाई लालबुंद झाल्या. "ही तुमची रीत आहे असं सांगणारं कुणी मोठं माणूस सोमवारी घेऊन ये. नाहीतर दोघंही घरी बसा."

तेव्हा मामा, या. गुडघा दुखत असला तरी या. दहा वाजता फाटकावर "सावमाह आहे का?" असं विचारा. "या नावाचं इथे कुणी नाही," म्हणतील. तुम्ही हलू नका. मी बाहेर येते.

तुमची भाची,
सावमाह