लिदीतले हुलगे

पेरुंगुडी, चेन्नई
मंगळवार

प्रिय राणोजी,

हे पत्र तुला सीतालक्ष्मी वाचून दाखवेल. ती हिंदीची टीचर, तिला ही अक्षरं येतात. तू शाळेच्या भिंतीवरून उडी मारून पळालास, म्हणून तुला येत नाहीत, आणि मी तिसरीपर्यंतच गेले म्हणून माझी अशी वाकडी. सीते, मोठ्यानं वाच. मावशीचं अक्षर बघून हसू नकोस आणि काही गाळू नकोस. मामाला झोंबेल असं काही आलं तर तेही वाच, मला झोंबेल असं आलं तर दोनदा वाच.

आधी हे सांगते की मल्ली जिवंत आहे. नाहीतर तू श्वास धरून बसशील आणि बाकीचं काही ऐकणार नाहीस. घोडी उभी आहे, खातेय, आणि काल कीर्तनाच्या ओढणीचं टोक चावून तिनं भोक पाडलं. माझी नात रडकुंडीला आली. मी म्हटलं, चावू दे, चावता येतंय ना. मागची अपार्टमेंट आता अकरा मजल्यांची झाली, तबेल्यात दहा वाजेपर्यंत ऊन येत नाही. वॉचमन सुब्बा अजून घोडीला सलाम करतो, मला करत नाही. इस्त्रीवाली अलमेलू रोज विचारते, तुझा तंबी, धाकटा भाऊ, कधी येणार? तिला उत्तर नको असतं, मला टोचायचं असतं.

टोचावंच. आडी महिन्यात, आषाढात, मल्लीच्या बरगड्या दिसायला लागल्या आणि मी म्हटलं, तिचे हुलगे तू विकतोयस. अठरा वर्षांपूर्वी अंदियूरच्या जत्रेत तिचं तोंड उघडून, दात बघून वय सांगणारा तू, तिच्याबरोबर तबेल्यात झोपणारा तू, आणि मी तुला चोर म्हटलं. घरात म्हटलं असतं तर एक वेळ चाललं असतं. गेटवर म्हटलं. सुब्बा होता, अलमेलू होती, अपार्टमेंटच्या दोन बायका भाजीच्या पिशव्या घेऊन उभ्या होत्या. जातोयस तर पिशवी दाखवून जा, म्हणून मी ती उलटी केली. नेसायच्या दोन वेष्ट्या पडल्या, वस्तरा पडला, विभूतीची पुडी पडली, आणि एक गाठोडं. त्यात दोन मुठी हुलगे. मी ते वर धरून सगळ्यांना दाखवलं. तू तोंड उघडलंस तेव्हा मी म्हटलं, पोदुम, बास झालं. तू वेष्ट्या उचलल्यास, झटकून घड्या घातल्यास आणि तंजावूरला निघालास. गाठोडं माझ्या हातातच राहिलं.

मग मी डब्याला कुलूप लावलं, किल्ली कमरेला. हुलगे मी भिजवले, मी शिजवले, माझ्या हातानं गव्हाणीत ओतले आणि ती खाईपर्यंत उभी राहिले. कोंडा मी दिला, गवत मी टाकलं. घोडी आणखी वाळली. आता सीते, खाकरून घे आणि नीट वाच. महिन्याभरात मला कळलं होतं की तू चोरी केली नव्हतीस. किल्ली माझ्याकडे असताना चोरणार कोण? कळलं, आणि पुढचे तीन महिने मी गप्प बसले. वर चढायला मला वेळ लागत नाही, खाली उतरायला गुडघे दुखतात. एकदा तुला फोन लावला. तू हलो म्हणालास, मी ठेवला. कीर्तनाला सांगितलं, बोट चुकून लागलं.

मागच्या आठवड्यात कीर्तना शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला न जाता घरूनच काम करत होती. कॉफीचा पेला घेऊन तबेल्यात गेली तर गव्हाणीखाली गवताचे ओले गोळे, चावून टाकलेले. तू मला दाखवले होतेस तेच. मी तेव्हा म्हटलं होतं, झाडायचा कंटाळा करतोस आणि कारणं सांगतोस. पोरीनं फोटो काढला, कुणाला तरी पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी दारात घोड्यांची डॉक्टरीण. रंजनी नाव, हडकुळी, बादलीत कानशी घेऊन आलेली. मी विचारलं, सुतारकाम करणार का? मला आजी करून ती म्हणाली, हो पाटी, तसंच काहीसं.

सुई दिल्यावर मल्लीची मान ताडी प्यायलेल्या माणसासारखी लोंबायला लागली. तोंडात लोखंडी चौकट बसवून जबडा उघडा ठेवला. मोठ्या पिचकारीनं पाणी मारलं, डोक्यावर दिवा बांधला आणि बाईनं कोपरापर्यंत हात आत घातला. मग मला म्हणाली, पाटी, तुम्हीही बोट लावून बघा. राणोजी, दाढांच्या कडा विळीसारख्या. घोड्याचे दात जन्मभर वाढतात म्हणे, चघळून झिजतात, पण सारखे झिजत नाहीत. वरच्यांची धार गालाकडे, खालच्यांची जिभेकडे. गालाला आतून जखमा झाल्या होत्या. प्रत्येक घासाला स्वतःच्याच तोंडात कापून घेत होती आणि मी समोर उभी राहून म्हणत होते, खा गं, नखरे करू नकोस.

अर्धा तास कानस चालली. जळक्या हाडासारखा वास येत होता. हात धुताना रंजनीनं विचारलं, लिदीत न चावलेले अख्खे दाणे पडत होते का, कुणी बघितलं होतं का? स्वयंपाकघराच्या दारामागे तुझं गाठोडं तसंच खुंटीला होतं. आणून तिच्या हातात दिलं. तिनं दाणे उन्हात धरले, एक फोडून बघितला आणि म्हणाली, हे लिदीतलेच, धुऊन वाळवलेत. डॉक्टरला दाखवायला जपून ठेवले असतील. ज्यानं ठेवले त्याला घोडं कळतं, तेव्हाच दाखवले असते तर ही एवढी वाळली नसती. कोण तो? मी म्हटलं, माझा भाऊ. चोराचा माल म्हणून मी चार लोकांना दाखवलं ते हेच, सीते. तुझा मामा लिदीतून एकेक दाणा वेचत होता.

आता तिचं चावणं स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येतं. रंजनी म्हणते, दर सहा महिन्यांनी तोंड बघायला हवं. पुढची खेप वैकासीत, वैशाखाच्या सुमाराला. या खेपेला डोकं धरायला तीन माणसं लागली आणि मल्लीनं सुब्बाची टोपी खाली पाडली. तू असतास तर एकटा पुरला असतास. यायचं की नाही ते तू ठरव. गाठोडं मी तबेल्यातल्या तुझ्या खिळ्याला टांगून ठेवलंय.

कीर्तना म्हणाली, पत्र कशाला, फोन कर आणि सॉरी म्हण. फोनवर ते तुझ्या एकट्याच्या कानात गेलं असतं. गेटवर मी सुब्बाला आणि अलमेलूला उभं करून सांगितलं. त्या दोन बायकांची नावं माहीत नव्हती, म्हणून लिफ्टनं चौथ्या मजल्यावर गेले. एकीनं कॉफी दिली, दुसरीला वाटलं मी देवळाची वर्गणी मागायला आले, तिला दोनदा सांगावं लागलं. इथलं झालं. पण तंजावूरलाही मीच फोन करून तुला चोर ठरवलं होतं. सीतेच्या सासूपर्यंत ते पोचलं, आणि तू चार महिने त्याच घरात जेवतोयस. तुला वाचता येत नाही हे मला पत्र लिहायला बसतानाच ठाऊक होतं, राणोजी. म्हणूनच लिहायला बसले. सीते, घरातले सगळे ओसरीवर आलेत का? नसतील तर बोलाव, सासूबाईंना पुढे बसव, आणि मग वाच: माझ्या भावानं काही चोरलं नाही, मी खोटं बोलले. आता पुन्हा एकदा वाच.

तुझीच,
हेमावती अक्का