ठमीचा श्रावण

आई, तू देवळातून येईपर्यंत मी सेकंड शिफ्टला गेलेलो असेन, म्हणून लिहून ठेवतोय.

तू गेल्यावर ठमीला चारकोप नाक्याच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. काल त्या मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढा, रक्त तपासा, दाखल करा, असं सगळं सांगितलं होतं. या बाईंनी तिचं पोट चाचपलं, ताप बघितला आणि मलाच विचारलं, "घरी श्रावण पाळता का?" मी हो म्हटल्यावर हसायलाच लागल्या. मांजर आजारी दिसत नाही, मासे बंद झाले म्हणून रुसलंय म्हणे. पण आज तिच्या पोटात काही गेलंच पाहिजे, नाहीतर उद्या तपासण्या कराव्या लागतील.

शेजारच्या जयंतीकाकू त्यांच्याच भांड्यात मांदेली उकडून ठेवणार आहेत. आपल्या ओट्याला काही लागणार नाही. फक्त त्यांच्या दारात बसून भरवायचं तेवढं तू कर, ती माझ्या हातचं खात नाही.

काल तू म्हणालीस, मी पैशाकडे बघतो. बघतो गं. पण तिने नाहीच खाल्लं, तर तू म्हणतेस त्या दवाखान्यात नेईन आणि बिलाबद्दल अवाक्षर काढणार नाही.

भरवून झालं की हात धू आणि मला फोन कर.

सिद्धेश