नऊ हजार वर्षांच्या थरातला घोडा

यवतमाळ

प्रिय पियूष,

तुझे तिन्ही मेल वाचले. उत्तर मात्र कागदावरच द्यावंसं वाटलं.

त्या गोठलेल्या उत्तरेत, तळ्याच्या बर्फाला भोक पाडून आपण गाळाची चार मीटर लांब कांडी वर ओढली, तेव्हा तू तुझे हातमोजे मला दिलेस आणि स्वतःचे हात काखेत दाबून उभा राहिलास. तेव्हाच मी ठरवलं होतं, माणूस हाच.

गाळात हाड नव्हतं, दात नव्हता. होता तो पाण्यावर आलेल्या जनावरांचा आणि काठच्या झाडझाडोऱ्याचा डीएनए. थर वाचत जायचं आणि तिथे कधी काय जगत होतं ते सांगायचं, एवढंच आपलं काम. नऊ हजार वर्षांच्या थरात घोडा निघाला. तिथले घोडे त्याच्या कितीतरी आधी संपले, असं सर म्हणतात, म्हणून घोड्याची ओळ आपल्या लेखातून काढायची. मला न विचारता तू त्यावर सही केलीस.

काल आईला हे सांगितलं. ती तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "कोऱ्या नळीत काय निघालं?" नुसतं पाणी घालून तपासलेल्या नळीत काहीच नव्हतं, म्हणजे घोडा बाहेरून मिसळलेला नाही, म्हटलं. "मंग ते खोडून काहून राह्यले?"

तुला ठाऊक नाही, आई वणीला एका खाजगी लॅबमध्ये होती. उकंडा नावाच्या ट्रक ड्रायव्हरच्या थुंकीत तिला क्षयाचे जंतू दिसले. ट्रकमालकाचा माणूस म्हणाला, जंतू नाहीत असं लिहा, नाहीतर गाडी उभी राहील. तिने तसं लिहिलं नाही. नोकरी गेली. उकंडा बरा झाला.

काठाची जुनी माती ढासळून घोडा वरच्या थरात आला असेल, हा तुझा मुद्दा. पण तशी माती सोबत त्या जुन्या काळच्या गवताचा डीएनएही आणते, आणि घोड्याच्या थरात तो नाही. मी चारदा पाहिलं. तरी शंका असेल तर शंका लिहू. ओळ खोडणार नाही.

आज सकाळी सरांना कळवलं, ओळ गेली तर माझं नाव आणि माझी मोजमापं दोन्ही काढा. पुढच्या वर्षीचं काम यात जाईल. जाऊ दे. आता पत्राचं कारण. दहा तारखेला तुझे आईबाबा लग्नाची तारीख ठरवायला इथे येणार आहेत. मी त्यांना नको म्हटलेलं नाही. सही मागे घेऊन तूही त्यांच्यासोबत ये. जमत नसेल, तर येऊ नका हे त्यांना तूच सांग.

अजून तरी तुझीच,
भैरवी