डॉक्टरनं माझं बोट धरलं

तीर्थरूप वनमालाअक्कास,
तेलगावहून धाकट्या शहादेवचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुझे गुडघे कसे हायेत? धर्मापुरीच्या देवळाच्या पायऱ्या अजून चढतीस का? इकडं समदे माझ्याशी लई गोड वागतेत, आन् हीच संशयाची गोष्ट हाय. फोन केला असता, पर माझ्या फोनला सूनबाईचा, शिवकन्याचा, कान चिकटलेला असतो. म्हणून हे पत्र तिकडं निघालेल्या दूधगाडीवाल्याच्या हाती धाडतोय.

झालं असं, की ढवळ्या बैलाला धुताना त्यानं माझ्या बरगडीत शिंग हाणलं. गेलतो बरगडीचा फोटो काढाया, आन् सापडली उजव्या फुप्फुसात सुपारीएवढी गाठ. तुकडा काढून तपासला, तर म्हणं कॅन्सर. वर तिथला डॉक्टर हसतोय, बाबा नशीबवान हाव, लवकर घावला, बरा व्हतो! कॅन्सर झाला म्हणून खुश व्हणारा माणूस तू कुठं बघितलास का? मला दुखत न्हाई, खुपत न्हाई, खोकलाबी न्हाई. तवाच मला काहीतरी डाव असल्याचा वास आला. त्यात शिवकन्या पहिली गरम भाकर मला वाढाया लागली, आन् आपला अजिनाथ माझ्याशी भांडंना झालाय. पोटचं पोरगं बापाशी भांडंना, हे कावून?

मग शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरनं तोंड उघडाया लावलं, पाठ ठोकली, आन् व्हरांड्यात चालून दाखवा म्हणला. अक्का, मी जन्मभर बैलांची दलाली केली. दात बघून, पाठ थोपटून, चालवून कोण बघतंय हे मला सांगाया पायजे का? गिऱ्हाईक! वर त्यानं माझं बोट धरलं. (आमच्यात भाव तोंडानं बोलत न्हाईत, उपरण्याखाली बोटं दाबून ठरतो, तुला ठावं हाय.) तो नखं बघत व्हता, असं अजिनाथ मागून म्हणला. खरं खोटं देवाला ठाऊक. मला भाव लई कमी वाटला, म्हणून मी बी सवयीनं त्याची दोन बोटं दाबून वाढवून मागितलं. तर डॉक्टर इचारतो, बाबा, हाताला झटके कधीपासून येतेत?

आता बाजारात उभ्या बैलाची खोड कोण सांगतंय? दम लागतो का इचारलं, मी म्हणलं बिलकुल न्हाई, माजलगावच्या धरणाच्या भिंतीवर पळत चढतो. व्हरांड्यात छाती काढून असा चाललो, की नर्स मागं ऱ्हायली. झालं! डॉक्टर म्हणला, वयाचं काय न्हाई, दम बघून ठरवतो. दम कमी असता तर न कापता मशीनचा शेक दिला असता, त्यानंबी गाठ जाती. पर तुमी तर दांडगे, तुमचं ऑपरेशनच करू. म्हंजे माझा भाव मीच वाढवून आलो. आता सोमवारी नळी फुंकायची हाय, छातीत दम किती ते मशीन सांगणार. त्या मशीनवर माझा काडीचा इश्वास न्हाई.
तुझा,
शहादेव

ता. क. : सोमवारी तुझ्या अंगदला धाड. त्याचा तोंडवळा मामाचाच हाय, मुंडासं बांधलं की कोण वळखतंय? नळी तोच फुंकंल.

आणखी ता. क. : अंगदला नको, तूच ये. गोठ्यातून ओसरीवर येताना दम लागून मी दोनदा टेकतो, हे दिवाळीला तू बघितलंस. पोरांपासून मी लपवलंय. ते डॉक्टरला तू सांग, माझ्या तोंडातून निघंना. मला भ्या वाटतंय अक्का, अजून जगायचंय. त्याला म्हणावं, समदी खोड सांगते, आमाला हा बैल विकायचा न्हाई, दावणीला ठेवायचाय.